ऑफिसात कमी बोलणाऱ्यांनी पुढं कसं जायचं: सांगली-मिरज-कुपवाडकडच्या नव्या पोरापोरींसाठी

कुपवाड किंवा मिरज एमआयडीसीतली कंपनी, सांगलीतली एखादी बँक, पतसंस्था, डीलरचं ऑफिस, सीएची फर्म, अशा ठिकाणी नुकतं जॉईन झालेल्या आणि मुळात कमी बोलणाऱ्यांसाठी हे लिहितेय. मी एचआरचं काम बघते त्यामुळं इन्क्रिमेंटची यादी कशी होते ते दरवर्षी समोर बसून बघायला मिळतं. मालक, प्लँट हेड आणि अकाउंट्सचे सिनियर अशी दोन-तीन माणसं केबिनमध्ये बसतात, एकेक नाव घेतात, आणि प्रत्येक नावाला फार तर दोन मिनिटं मिळतात. त्यात एक-दोन नावं हमखास अशी निघतात की काम चोख, हजेरी चोख, पण त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं कुणाला काही आठवतच नाही. "पोरगं चांगलं आहे, पण नेमकं करतं काय?" असं विचारून पुढच्या नावावर जातात. मला त्या वेळी खरंच फार वाईट वाटतं, कारण त्या पोरानं वर्षभर काय काय निस्तरलंय ते मला माहीत असतं.

तर सगळं त्या दोन मिनिटांवर आहे. तुमचं नाव आलं की त्या दोन-तीन माणसांना तुमच्याबद्दल तीन वाक्यं आठवली पाहिजेत, एवढीच सोय आपल्याला वर्षभरात करायचीय. त्यासाठी बडबडं व्हायची गरज नाही, सगळ्या ऑफिसला हसवायची तर अजिबातच नाही. आपल्या भागातल्या बहुतेक कंपन्या मालकाच्या, चाळीस-पन्नास स्टाफच्या. इथं हॉलभर लोकांना जिंकायचं नसतं, दोन-तीन माणसांपर्यंत पोचायचं असतं, आणि एकेकट्या माणसाशी बोलणं कमी बोलणाऱ्यांना चांगलं जमतं हे मी कितीतरी वेळा बघितलंय.

आधी हे तपासा की तुम्ही नक्की कोण आहात

अंतर्मुख आणि बहिर्मुख हे शब्द रुळले ते कार्ल युंग या स्विस मानसोपचारतज्ज्ञामुळं, १९२१ सालापासून. अंतर्मुख माणूस म्हणजे ज्याला गर्दीत, सतत बोलण्यात थकवा येतो आणि एकटं बसलं की परत ताजंतवानं वाटतं. भीती वेगळी. लोक काय म्हणतील, हसतील का, या विचारानं तोंड उघडत नाही तो बुजरेपणा. आणि आपल्याकडं तिसराच एक प्रकार फार दिसतो, तो म्हणजे इंग्रजीचा धसका. तासगाव, आष्टा, कवठेमहांकाळकडून आलेली, मराठी शाळेत शिकलेली हुशार पोरं मिटिंगमध्ये गप्प बसतात आणि स्वतःला इंट्रोव्हर्ट म्हणवतात, पण तीच पोरं गावच्या कट्ट्यावर तासभर सलग बोलतात.

हे तपासायला सोपं आहे. गणपतीत वर्गणीला फिरून आलात की दमता, की फिरायच्या आधीच पोटात गोळा येतो? दमत असाल तर अंतर्मुख, पुढचं सगळं तुमच्यासाठीच आहे. गोळा येत असेल तर भीती आहे, ती थोडी थोडी सवय करून कमी होते, आणि इतकी जास्त असेल की कँटीनमध्ये लोकांसमोर जेवायलाही नको वाटतं, फोन उचलायला हात थरथरतो, तर समुपदेशकाशी बोला, त्यात लाजण्यासारखं काही नाही. सरकारची मानसिक आरोग्यासाठीची टेलि-मानस हेल्पलाईन १४४१६ या नंबरवर फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. इंग्रजीचा धसका असेल तर त्याबद्दल पुढं लिहिलंय.

पहिले तीन महिने: बघा आणि विचारा

नवीन असताना गप्प राहिलेलं कुणाला खटकत नाही, म्हणून हा काळ वाया घालवू नका. कोण काय ठरवतं ते नीट बघा. पाटीवर मॅनेजर एक असतो आणि मालक विचारतात दुसऱ्यालाच, बऱ्याचदा वीस वर्षं जुन्या अकाउंटंटला किंवा स्टोअरच्या अण्णांना. ही दोन-तीन नावं तुमच्या वहीत पाहिजेत.

दुसरं, एचआरला सरळ विचारा की अप्रेझल, म्हणजे वर्षाच्या कामाचं मूल्यमापन, कधी असतं, फॉर्म कधी येतो, यादी कोण करतं. यात कसला आगाऊपणा नाही, आम्हाला उलट बरं वाटतं कुणी विचारलं की. आपल्याकडं वर्ष एप्रिल ते मार्च धरतात, फॉर्म साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये हातात पडतो, पण डोक्यातली यादी डिसेंबर-जानेवारीतच तयार झालेली असते. मार्चमध्ये जागं होऊन उपयोग नाही.

आणि तुम्ही बँकेत, पतसंस्थेत, साखर कारखान्यात किंवा सरकारी ऑफिसात असाल तर गणित जरा वेगळं आहे. तिथं सेवाज्येष्ठता आणि परीक्षा चालते, आणि परीक्षा ही कमी बोलणाऱ्यांची हक्काची वाट आहे, तिथं पेपर बोलतो. बँकेत असाल तर जेएआयआयबी, मग सीएआयआयबी या बँक कर्मचाऱ्यांच्या परीक्षा द्या, बऱ्याच बँकांत पास झालं की जादा इन्क्रिमेंट लागतं. सहकारात असाल तर सहकार खात्याची जी.डी.सी. अँड ए. ही सहकार आणि हिशोबाची पदविका परीक्षा द्या. सरकारी नोकरीत विभागीय परीक्षा पहिल्या संधीलाच उरकून टाका, लांबवली की ज्येष्ठतेवर परिणाम होऊ शकतो आणि मग नंतर आलेला पुढं जातो.

दर आठवड्याला पंधरा मिनिटं: कामाची वही

या सगळ्यातली सगळ्यात कामाची गोष्ट हीच आहे, बाकी काही नाही केलंत तरी हे करा.

आठवड्याच्या शेवटच्या दिवशी निघायच्या आधी पंधरा मिनिटं काढा आणि तीन गोष्टी लिहा: काय केलं, त्यानं कुणाचा त्रास कमी झाला, आणि आकडा काय. "जीएसटीचं काम केलं" असं लिहू नका, ते सगळेच करतात. आता बघा, सप्लायरनं त्याचा जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीच्या बिलांचं रिटर्न, महिन्याच्या ११ तारखेपर्यंत भरला तरच त्याचं बिल १४ तारखेला आपल्या २बी मध्ये, म्हणजे आपल्या खरेदीच्या क्रेडिटच्या यादीत दिसतं, आणि २० तारखेपर्यंत ३बी, म्हणजे टॅक्स भरायचं महिन्याचं रिटर्न, भरताना आपल्याला त्याचं क्रेडिट घेता येतं, म्हणजे खरेदीवर दिलेला जीएसटी वजा करता येतो. त्यानं उशीर केला तर आपला पैसा महिनाभर अडकतो. मग तुम्ही जर ५-६ तारखेलाच अशा उशीर करणाऱ्या सप्लायरना फोन लावून बिलं चढवून घेतली असतील तर वहीत असं लिहा: "या महिन्यात चार सप्लायरची बिलं ११ च्या आत अपलोड करून घेतली, इतक्या रुपयांचं क्रेडिट याच महिन्यात मिळालं." हे वाक्य मालकाला कळतं, कारण त्यात त्याचा पैसा आहे.

परचेसला असाल तर कुठल्या मालाचा रेट किती खाली आणला, डिस्पॅचला असाल तर किती गाड्या वेळेत गेल्या, क्वालिटीत असाल तर कुठलं रिजेक्शन किती टक्क्यांवरून किती टक्क्यांवर आलं. आकडा मिळत नसेल तर निदान आधी काय व्हायचं आणि आता काय होतं ते लिहा. आमच्याकडं स्टोअरला एक मुलगा होता, दिवसभरात दहा वाक्यं बोलत नसेल, पण त्याची वही होती आणि त्यात कुठला बेअरिंग किती दिवस नसल्यामुळं मशीन बंद राहिलं ते सगळं तारखेनिशी होतं. प्लँट हेडनी ती वही बघितली त्या दिवसापासून मिटिंगमध्ये त्याला आधी विचारायला लागले.

आपली सांगली हळदीची आहे म्हणून सांगते, मार्केट यार्डात हळद कितीही चांगली असली तरी पोत्यातला नमुना समोर दिसल्याशिवाय सौद्यात बोली लागत नाही. ही वही म्हणजे तुमचा नमुना.

वहीतून साहेबांपर्यंत

दर सोमवारी सकाळी तुमच्या थेट साहेबांना पाच ओळींचा मेल. मागच्या आठवड्यात काय पुरं झालं, काय अडकलंय आणि कुणाकडं, या आठवड्यात काय करणार, तुमच्याकडून मला काय पाहिजे. झालं. मराठी-इंग्लिश मिसळून लिहिलं तरी चालतं, चूक काढायला कुणाला वेळ नसतो. सुरुवातीला उत्तर येणार नाही, तरी पाठवत राहा, महिन्या-दीड महिन्यात तेच विचारतील की आज मेल नाही आला.

यात काही पथ्यं आहेत. साहेबांना डावलून मालकांना सीसी करू नका, आपल्याकडं ते फार लागतं आणि वर्षानुवर्षं लक्षात राहतं. ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर स्वतःच्या कामाचे फोटो टाकत बसू नका, तिथं शंभर गुड मॉर्निंगमध्ये ते वाहून जातं. आणि मालक जुन्या पिढीतले असतील, मेल उघडत नसतील, तर महिन्याला एकच पान प्रिंट काढून साहेबांच्या हातून टेबलावर ठेवा. कागद वाचतात ती माणसं, अगदी चष्मा शोधून वाचतात.

मिटिंग

अंतर्मुखांना सगळ्यात जड जाते ती ही जागा, कारण समोरच्यानं प्रश्न टाकला की बोलकी माणसं बोलता बोलता विचार करतात आणि आपल्याला आधी विचार करून मग बोलायचं असतं, तोपर्यंत विषय पुढं गेलेला असतो. यात तुमच्या बुद्धीचा दोष नाही. १९५८ साली अमेरिकेत येल विद्यापीठात एक प्रयोग झाला होता, त्यात एकेकट्यानं बसून लिहिणाऱ्या चौघांच्या कल्पना एकत्र केल्या तर त्या एकत्र बसून चर्चा करणाऱ्या चौघांपेक्षा बऱ्याच जास्त भरल्या. पुढं १९८७ मध्ये दोन संशोधकांनी दाखवलं की यामागचं मोठं कारण म्हणजे बोलायला आपली पाळी येईपर्यंत थांबावं लागतं आणि तेवढ्यात डोक्यातलं अडतं. म्हणजे साहेबांनाही हे सांगण्यासारखं आहे, की सर, विषय एक दिवस आधी कळवला तर सगळेच जरा लिहून आणतील.

आता करायचं काय ते सांगते. आदल्या दिवशी अजेंडा मागा. त्यातला एकच मुद्दा निवडा आणि त्याच संध्याकाळी साहेबांच्या टेबलाशी जाऊन दोन वाक्यांत सांगून ठेवा, म्हणजे मिटिंगमध्ये तेच तुमच्याकडं बघून म्हणतील, सांगा तुम्ही. मिटिंग सुरू झाली की पहिल्या दहा मिनिटांत एक वाक्य बोला, नुसता प्रश्न विचारला तरी चालेल, कारण एकदा आवाज निघाला की पुढचं सोपं जातं, आणि जितका उशीर तितकं ते पहिलं वाक्य जड होत जातं.

काही वाक्यं पाठ करून ठेवा, अगदी खरंच पाठ. बोलणं कुणी तोडलं तर: "सर, एवढं वाक्य पुरं करते." लगेच उत्तर सुचलं नाही तर: "आकडे बघून चार वाजेपर्यंत सांगते." आणि चारला सांगायचंच, पावणेचारला सांगितलंत तर अजून चांगलं, कारण वेळ पाळणाऱ्या माणसाच्या गप्प बसण्याला ऑफिसात वजन येतं. तुमचीच गोष्ट दुसऱ्यानं मोठ्यानं सांगितली तर: "हो, मी सोमवारच्या मेलमध्ये लिहिलं होतं त्यात अजून एक भर घालते." भांडण नाही, आणि कुणाचं काय ते सगळ्यांना कळतं.

मिटिंगचे मिनिट्स, म्हणजे काय ठरलं त्याची नोंद, लिहायचं काम घ्या. जो लिहितो त्याच्या शब्दांत निर्णय फाईलला जातो आणि त्याचं नाव मेलवर सगळ्यांना दिसतं. पण मुलींना इथं वेगळं सांगायचंय. मिनिट्स लिहिणं, चहा सांगणं, केक आणणं, रांगोळी हे सगळं आपोआप आपल्याकडं ढकललं जातं आणि कमी बोलणाऱ्या मुलीकडं तर दुप्पट. मिनिट्स घ्या पण दोन-तीन वेळा झाल्या की शांतपणे म्हणा, "पुढच्या वेळी पाळी बदलूया, मला माझ्या विषयावर बोलायचंय." आवाज चढवायची गरज पडत नाही, एकदा म्हणून बघा.

चहा, खंडेनवमी आणि लग्नं

आपल्या भागात कमी बोलणाऱ्याला लोक अबोल म्हणत नाहीत, शिष्ट म्हणतात, आणि हा शिक्का बसला की काम कितीही चांगलं असलं तरी त्या केबिनमध्ये तुमच्या बाजूनं बोलणारं कुणी राहत नाही. म्हणून एवढं जपायचं.

टपरीवर रोज जायची गरज नाही. आठवड्यातून दोनदा जा, आणि घोळक्यात नको, एकाबरोबर जा, आज परचेसवाला, परवा मशीन शॉपवरचे मामा. कमी बोलणारी माणसं ऐकतात चांगलं आणि प्रश्न चांगले विचारतात, तेच करा. "मामा, या मशीनला पहिल्यापासून असंच होतं का?" असं विचारलं की जे शिकायला मिळतं ते कुठल्या ट्रेनिंगमध्ये मिळत नाही, आणि मामा चार ठिकाणी सांगतात की पोरगी मन लावून शिकते.

खंडेनवमीची पूजा, गणपतीची आरती, वार्षिक ट्रिप, हे टाळू नका. पण तिथं रिकाम्या हातानं उभं राहिलं की अवघडल्यासारखं होतं, म्हणून आधीच एखादं काम मागून घ्या: फोटो काढणं, प्रसादाचा हिशोब, पाहुण्यांची यादी. हाताला काम असलं की गर्दी सोसते, आणि लोक आपणहून येऊन बोलतात. लवकर जा, मालकांना आणि घरच्यांना नमस्कार करा, काम उरका आणि लवकर निघा. लवकर गेलेला माणूस दिसतो, लवकर निघालेला कुणाला दिसत नाही. सहकाऱ्याच्या घरचं लग्न असेल तर अक्षतांना जाऊन या, मग ते जयसिंगपूरला असो नाहीतर विट्याला, मोजून तासाभराचं काम, पण लोक ते कायम लक्षात ठेवतात.

आणि दुपारी डबा खाऊन पंधरा मिनिटं एकटं चालून या, गेटच्या आतल्या झाडांखाली का होईना. तुमची ही वेळ कुणाला देऊ नका.

इंग्रजी आणि व्हिडिओ कॉल

थोडक्यात. कॉलच्या आधी तीन वाक्यं लिहून ठेवा: माल कुठवर आलाय, अडचण काय, तारीख कुठली. पुण्याच्या कस्टमरकडं समोर बऱ्याचदा मराठी माणूसच असतो, "मराठीत बोललं तर चालेल का सर?" विचारलं की तोही सुटतो. कॉल संपल्यावर ठरलेलं सगळं मेलवर टाका, लिहिताना विचार करायला वेळ मिळतो आणि तिथं तुम्ही बोलणाऱ्यांच्या पुढं असता.

मागायचं कसं

जानेवारीत, यादी व्हायच्या आधी, साहेबांकडं पंधरा मिनिटं मागा. जिन्यात, पार्किंगमध्ये विषय काढू नका. वहीतून वर्षातली तीन कामं निवडून एका पानावर उतरवून न्या, चौथं लिहू नका, तीनच लक्षात राहतात. पान समोर ठेवा आणि बोला:

"सर, या वर्षात ही तीन कामं मी पूर्ण केली. मला पुढच्या वर्षी सिनियर पोस्टला यायचंय. त्यासाठी माझ्यात अजून काय पाहिजे, आणि पगारात किती वाढ होऊ शकते, ते तुमच्याकडून ऐकायचंय."

आणि मग गप्प बसा. इथं तुमचा स्वभाव तुमच्या उपयोगाला येतो. बोलकी माणसं या शांततेत घाबरतात आणि स्वतःच मागणी खाली आणतात, "नाही म्हणजे सर, जमलं तर बघा". तुम्हाला शांततेची सवय आहे, बसा शांत, साहेबांना बोलू द्या. ते जे काय सांगतील ते त्याच दिवशी मेलवर लिहून पाठवा, "आज बोलल्याप्रमाणे" असं करून. हे पान केबिनमध्ये जातं बरं का. यादी करताना साहेब फाईलमधून ते काढतात आणि तुमची तीन वाक्यं वाचून दाखवतात, मी बघितलंय.

"काम बघून द्या", "तुम्हाला योग्य वाटेल ते" असं म्हणू नका. घरी आपल्याला असंच शिकवलेलं असतं, ते संस्कार चांगलेच आहेत, पण पगाराच्या बाबतीत आकडा आपणच सांगावा लागतो.

हाताखाली माणसं आली तर

टीम सांभाळायला बोलकाच माणूस लागतो असं समजून बरीच जण प्रमोशन नाकारतात, कृपा करून नाकारू नका. २०११ मध्ये अमेरिकेतल्या पिझ्झा दुकानांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात असं निघालं की स्टाफ नुसता सांगेल तेवढंच करणारा असेल तर बोलक्या मॅनेजरच्या दुकानाचा नफा जास्त, पण स्टाफ स्वतःहून सुचवणारा असेल तर शांत मॅनेजरचं दुकान पुढं जातं, कारण तो ऐकून घेतो. विक्रीचंही तसंच. २०१३ च्या एका अभ्यासात फोनवरून विक्री करणाऱ्यांत सगळ्यात जास्त विक्री ना फार बोलक्यांची होती ना फार अबोल लोकांची, मधल्यांची होती. तेव्हा मार्केटिंग आपलं नाही असंही आधीच ठरवू नका. सकाळी सगळ्यांना उभं करून भाषण देण्यापेक्षा प्रत्येकाशी आठवड्यातून दहा मिनिटं बसून बोला, तेवढं पुरतं.

एवढं करूनही काही झालं नाही तर

दोन अप्रेझल बघा. वही आहे, मेल आहेत, जानेवारीत बोलणं झालंय, तरीही पुढं-मागं करणाऱ्यालाच मिळत असेल तर ती जागा तुमची नाही असं समजा आणि राग न धरता दुसरीकडं बघायला लागा. वहीतून बायोडेटा अर्ध्या तासात तयार होतो, आणि मुलाखतीत समोर एक-दोनच माणसं असतात, विषय तुमच्या कामाचा असतो, तिथं तुम्ही चांगलंच बोलाल. तोवर इथलं काम ढिलं सोडू नका, सांगलीत सगळे सगळ्यांना ओळखतात आणि नवीन कंपनीचा एचआर जुन्या एचआरला फोन करतोच. नवी ऑफर लेटरवर आल्याशिवाय राजीनामा देऊ नका, नोटीस पिरियड पूर्ण करा, आणि निघताना रिलिव्हिंग लेटर, अनुभवाचं पत्र, शेवटच्या तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिपा हातात घ्या आणि पीएफचा यूएएन नंबर (नोकरी बदलली तरी तोच राहणारा खाते क्रमांक) लिहून ठेवा, नंतर मागायला फोन करणं तुम्हाला जड जातं हे मला माहीत आहे.